पहिला चढाचा, शेवटचा हायवेचा, मधले कोणाचे?

स्पीड ब्रेकरवरून गाडी हळूच उतरवली, दुसऱ्याच गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिन कुथायला लागले. पहिला टाकावा तर गाडी गुरगुरते, मागचा हॉर्न वाजवतो आणि जरा वेग घेतोय तोवर पुढचा ब्रेकर येतो. सोसायटीगणिक एक ब्रेकर असलेल्या आपल्या शहरांत हे दिवसातून दहा वेळा घडते आणि दहाही वेळा दोष ड्रायव्हरच्या पदरी पडतो. ‘गिअर जरा वेळेवर बदलत जा’ हे वाक्य शेजारच्या सीटवरून ठरलेले. वस्तुस्थिती अशी की, त्या वेगासाठी त्या गाडीत गिअरच नसतो. पहिला जिथे कंटाळवाणा होतो आणि दुसरा जिथे कामाला लागतो, त्या दोन जागांमध्ये एक खड्डा आहे. तो रस्त्यातला नव्हे, गिअरबॉक्समधला. आणि तो कुणीतरी हिशेब करून, पुरेपूर विचाराने ठेवलेला आहे.

गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये एक छोटासा तक्ता असतो. गाडी घेताना रंग, सनरूफ, टचस्क्रीन यांची चौकशी करणारे आपण त्या तक्त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. २००५ मध्ये भारतात आलेल्या पहिल्या पेट्रोल स्विफ्टचा तक्ता असा: ३.५४५, १.९०४, १.२८०, ०.९६६, ०.७५७. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे साडेतीन फेरे झाले की गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बाजूला एक फेरा होतो. पाचव्यात इंजिनाचा पाऊण फेराच पुरतो. जितका आकडा मोठा तितका जोर जास्त आणि वेग कमी. पुढे फायनल ड्राइव्हचा आणखी एक गुणाकार होतो आणि मग चाक फिरते.

आता शेजारशेजारच्या आकड्यांचा भागाकार करा. १.८६, १.४९, १.३३, १.२८. म्हणजे पहिल्यातून दुसऱ्यात जाताना इंजिनाचे फेरे जवळजवळ निम्म्यावर येतात आणि चौथ्यातून पाचव्यात जाताना जेमतेम पाचवा हिस्सा घटतात. ब्रेकरवरचा तो खड्डा म्हणजे हा १.८६. हे आकडे वाचता यायला लागले की बनवणाऱ्याने कोणता रस्ता, किती ओझे आणि कसला ड्रायव्हर डोळ्यांपुढे धरला होता, ते दिसू लागते. कधीकधी हेही दिसते की त्याने कुणालाच डोळ्यांपुढे धरलेले नव्हते. कपाटात जे होते ते उचलले होते.

*

हिशेबाला मारुती ८०० बरी. चारच गिअर, साधे आकडे, आणि घाटात गाडी चालवायला महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी तिच्यावरच शिकली. १९८३ च्या डिसेंबरात ती रस्त्यावर आली. इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. जोर जास्तीत जास्त ५९ न्यूटन-मीटर, तोही मिनिटाला २,५०० फेऱ्यांच्या आसपास. गिअर: ३.५८३, २.१६६, १.३३३, ०.९००. फायनल ड्राइव्ह ४.३५. टायर १४५/७० आर १२. तो एका फेऱ्यात साधारण १.५५ मीटर रस्ता कापतो.

पहिला गिअर ठरवताना आवडीनिवडीचा प्रश्न येत नाही. तो चढ ठरवतो. माणसे आणि सामान भरलेली गाडी, चढावर थांबलेली, पुन्हा जागेवरून उठली पाहिजे. चौघे बसलेली ८०० साधारण ९५० किलोची धरू. पहिल्यात चाकांवर, दातांतले आणि बेअरिंगमधले नुकसान वजा जाता, सुमारे ३४० किलोचा जोर पोहोचतो. कागदावर तो तीन मीटरला एक मीटर चढायला पुरतो. कागदावर अशासाठी की, प्रत्यक्षात क्लच सोडताना इंजिनाचा पूर्ण जोर हाती नसतो, चौघांचे पाच झालेले असतात, डिकीत गणपतीला कोकणात न्यायचे सामान असते आणि वर कॅरिअरवर दोन पोती. वरंधा नाहीतर आंबा घाटात पुढची एसटी वळणावर थांबली की मागच्या प्रत्येक गाडीची तिथेच परीक्षा. बनवणाऱ्याला सरासरी दिवस धरून चालत नाही, सगळ्यात वाईट दिवस धरावा लागतो.

पहिल्याचे दुसरे काम म्हणजे रांगणे. ही गाडी, इंजिन नुसते चालू असताना, ८०० फेऱ्यांवर, पहिल्यात ताशी पावणेपाच किलोमीटरने सरकते. माणूस चालतो तो हा वेग. क्लच पूर्ण सोडून, पाय मोकळे ठेवून दादरच्या गर्दीतून गाडी पुढे नेता येते. हाच गिअर ‘उंच’, म्हणजे आकड्याने लहान ठेवला असता तर तेवढ्या वेगाला सतत हाफ क्लच धरावा लागला असता आणि क्लच प्लेटचा वास पुढच्या चौकापर्यंत गेला असता.

शेवटचा गिअर उलट्या टोकाने ठरतो. ८०० चे इंजिन पूर्ण ताकद ५,००० फेऱ्यांना देते. तेव्हा चौथ्यात गाडी ताशी ११९ किलोमीटरवर असते. थोडक्यात, चौथा गिअर या इंजिनाला त्याच्या पूर्ण ताकदीनिशी पळता यावे म्हणून बेतलेला आहे. निवांत फिरण्यासाठी वेगळा गिअर ठेवलेलाच नाही. म्हणून मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर १०० ला ती बिचारी ४,२०० फेऱ्यांवर किंचाळत असते. १९८३ साली हा एक्स्प्रेसवे नव्हता. तो पूर्ण सुरू व्हायला २००२ उजाडले.

आता घाट. दर १५ मीटरला एक मीटर चढ, वेग ५०. वजन वर ओढायला ६३ किलोचा जोर लागतो, टायर लोळवायला १४, हवा कापायला ८. एकूण ८५. चौथ्यात चाकांवर येणारा जोर किती? अगदी उत्तम परिस्थितीत ८५. हिशेब बरोबरीत सुटतो आणि बरोबरी म्हणजे इथे हार. एसी लावला की दहा किलो तिथेच जातात, वळणावर वेग पडला तर तो परत मिळवायला शिल्लक काही नाही. तिसऱ्यात मात्र १२७ किलो हाताशी येतात. इंजिन ओरडते खरे, पण ओढते. ‘घाटात तिसऱ्यावर ठेव’ असे वडील सांगत, त्याच्या मागचा सगळा हिशेब एवढाच. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरच्या आसपास, हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ टक्के विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाचा जोर साधारण तेवढाच घटतो. तिथे तिसऱ्याचे १२७ चे ११२ होतात. चौथ्याचा विषयच नको.

उतरतानाही हाच आकडा कामाला येतो. घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल करू नका, असे बोर्ड सांगतात ते यासाठीच. जोर जसा इंजिनाकडून चाकाकडे गुणाकाराने जातो तसाच रोधही जातो. खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला जितके धरून ठेवते, तितके ब्रेक कमी तापतात.

*

पहिला आणि शेवटचा ठरले की खरी गंमत सुरू होते: मधले कसे वाटायचे?

पुस्तकी उत्तर सोपे आहे. सारख्या पटीत वाटा. ३.५८३ पासून ०.९०० पर्यंत तीन सारख्या उड्या हव्या असतील तर प्रत्येक उडी १.५८५ ची आणि मधले गिअर येतात २.२६ आणि १.४३. असे केले की प्रत्येक गिअर बदलाला इंजिनाचे फेरे सारख्याच प्रमाणात पडतात. ट्रक आणि ट्रॅक्टरला हे मानवते. जड ओझे, लहानसा कामाचा पट्टा, प्रत्येक गिअर सारखाच महत्त्वाचा.

मोटारीचे तसे नसते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाने. ताशी ३० ला इंजिनाकडे जोर उरून सांडत असतो. गिअर बदलताना फेरे कितीही पडले तरी गाडी सावरते. ताशी ९० ला शिल्लक फार थोडी असते, तिथे मोठी उडी मारली तर गाडी दम खाते. म्हणून खालच्या उड्या मोठ्या आणि वरच्या लहान ठेवतात.

सुझुकीने ८०० मध्ये २.२६ ऐवजी २.१६६ आणि १.४३ ऐवजी १.३३३ घेतले ते या कारणाने. तिसऱ्या गिअरपुरते बोलायचे तर त्यांनी घाटातला नऊ किलोचा जोर सोडला. मोबदल्यात काय मिळाले? तिसऱ्याची धाव, इंजिनाच्या पूर्ण ताकदीपर्यंत, ७५ वरून ८० वर गेली. दुपदरी रस्ता, पुढे ऊस भरलेला ट्रक, समोरून येणारे अजून लांब आहे. अशा वेळी ६० पासून ८० पर्यंत हात गिअरच्या दांड्याकडे न नेता जाता येणे ही त्या पाच किलोमीटरची किंमत. मला हा सौदा पटतो. पण तो सौदा होता आणि तो आपल्या वतीने, आपल्याला न विचारता, दुसऱ्या देशातल्या कुणीतरी केला होता, हेही तितकेच खरे.

या निवडीचा हिशेब शेवटी मिस्त्रीच्या टेबलावर उघडतो. पुण्यातल्या एका गॅरेजात गिअरबॉक्स उकललेला पाहत होतो. वापरलेल्या तेलाचा तो उग्र, गंधकासारखा वास, ट्रेमध्ये मांडलेली चाके आणि गिअर बदलताना फेरे जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा. मिस्त्रीने दुसऱ्या गिअरची रिंग उचलून अंगठ्याने आतली बाजू दाखवली. नव्या रिंगेत आत बारीक धारदार आटे असतात, ते तेलाची पापुद्री कापून कोनावर पकड घेतात. हिच्यात ते आरशासारखे गुळगुळीत झाले होते आणि बाहेरचे टोकदार दात बोथट. चौथ्याची रिंग मात्र कालपरवा बसवल्यासारखी. त्यांच्याकडे येणाऱ्या शहरातल्या गाड्यांत बहुतेकदा दुसराच आधी जातो, असे त्यांचे म्हणणे.

कारण पुन्हा तोच भागाकार. ५,००० फेऱ्यांवर पहिला सोडून दुसरा टाकला तर ८०० मध्ये क्लचमागच्या चाकांचे सुमारे २,००० फेरे त्या रिंगेने घासून उतरवायचे असतात. स्विफ्टसारख्या १.८६ च्या उडीत २,३००. तिसऱ्या-चौथ्यात हे काम बरेच कमी असते आणि घर्षणाचे काम फेऱ्यांच्या फरकाच्या वर्गाने वाढते. म्हणून आता अनेक कंपन्या पहिल्या-दुसऱ्यासाठी दुहेरी-तिहेरी कोनाच्या रिंगा वापरतात. कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रोमेश आणले त्याआधी तर हे काम ड्रायव्हरचे होते. क्लच दोनदा दाबून, मध्ये कानाने फेरे जुळवून. जुन्या ट्रक-ड्रायव्हरांना ते अजून येते.

आणि मनात येईल तो आकडा लोखंडात मिळतोच असे नाही. गिअरची दोन्ही चाके समांतर शाफ्टांवर बसतात आणि दोन शाफ्टांमधले अंतर सगळ्या जोड्यांसाठी एकच असते. त्यामुळे प्रत्येक जोडीच्या दातांची बेरीज जवळपास सारखी यावी लागते. ३.५८३ म्हणजे ४३ भागिले १२. या दोन आकड्यांना सामाईक अवयव नाही, हा योगायोग नसतो. असे असले की लहान चाकाचा प्रत्येक दात मोठ्या चाकाच्या प्रत्येक दाताला आळीपाळीने भिडतो; एकाच खराब दातावर एकाच दाताची सतत ठोकर बसत नाही. बाराच्या खाली दात नेले तर चाक इतके लहान होते की दातांची मुळे पोखरली जातात, खालचा शाफ्ट बारीक करावा लागतो, आणि पहिल्या गिअरचा सगळा जोर पेलायचा असतो नेमका तिथेच. म्हणजे ‘पहिला अजून थोडा खालचा द्या’ ही मागणी डबा मोठा केल्याशिवाय पुरी होत नाही. डबा मोठा केला तर तो बॉनेटखाली मावत नाही.

*

मधले गिअर मनापासून निवडले तर काय होते, याचे माझ्या मते सगळ्यात देखणे उदाहरण हिरोशिमाचे आहे. माझदाची एमएक्स-५ ही दोन सीटची उघडी गाडी १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात आली. तोशिहिको हिराई प्रकल्पप्रमुख. १.६ लिटरचे, ७,००० फेऱ्यांपर्यंत खुशाल जाणारे इंजिन. गिअरबॉक्स नवा घडवला नव्हता, माझदाच्या मोठ्या सेडानचा घेऊन त्यावर काम केले होते. आकडे: ३.१३६, १.८८८, १.३३०, १.०००, ०.८१४, फायनल ४.३.

उड्या पाहा. १.६६, १.४२, १.३३, १.२३. एकेक पायरी आधीच्यापेक्षा थोडी आखूड. ७,००० वर गिअर बदलत गेलात तर फेऱ्यांचा काटा आधी ४,२०० वर पडतो, मग ४,९०० वर, मग ५,२५० वर, मग ५,७०० वर. हवा जसजशी अडवते तसतसे इंजिन आपल्या ताकदीच्या अधिक जवळ राहते. इंजिन कागदावर फार जोरकस नव्हते. तरी ती गाडी चालवणारे तिच्याबद्दल वेड्यासारखे बोलत राहिले, त्यात या चार भागाकारांचा वाटा मोठा आहे.

२०१५ च्या चौथ्या पिढीत माझदाने सहा गिअर दिले आणि तक्ता पाहून क्षणभर ट्रॅक्टरचा वाटावा: ५.०८७, २.९९१, २.०३५, १.५९४, १.२८६, १.०००. पण फायनल पाहा, २.८६६. पहिल्याचा एकूण गुणाकार येतो १४.६. जुन्या एमएक्स-५ चा होता १३.५ आणि आपल्या ८०० चा १५.६. म्हणजे सुटे आकडे फसवे, गुणाकार खरा. हा खटाटोप सहाव्या गिअरसाठी. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत, लांबीच्या दिशेने ठेवलेल्या गिअरबॉक्समध्ये १.००० म्हणजे आत येणारा आणि बाहेर जाणारा शाफ्ट थेट एकमेकांत अडकवणे. मध्ये एकही जोडी दातांवर जोर घेत नाही, नुकसान कमी. हायवेवर ज्या गिअरमध्ये सगळा वेळ जायचा तोच थेट ठेवला. बॉनेटखाली आडवे इंजिन असलेल्या पुढच्या चाकांच्या गाड्यांत, म्हणजे आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांत, जोर कुठल्या ना कुठल्या जोडीतून जातोच. ही सोय त्यांना नाही.

*

एवढे मन लावून बसायची मोकळीक क्वचितच मिळते. शेवटच्या गिअरवर तर आता रस्त्यापेक्षा कायद्याचा हात जड आहे.

युरोपातल्या जुन्या इंधनचाचणीत, जिच्यावरून भारतीय चाचणीही बेतली गेली, मॅन्युअल गाडीने गिअर कधी बदलायचा हे चाचणीच ठरवत असे: ताशी १५ ला दुसरा, ३५ ला तिसरा, ५० ला चौथा, ७० ला पाचवा. सगळ्या गाड्यांना एकच पट्टी. भारतीय आवृत्तीत कमाल वेग ९० चा. प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली असल्यावर विद्यार्थी काय करणार? या वेगांना इंजिनाचे फेरे जितके कमी तितके पेट्रोल कमी, म्हणून गिअर उंच करत न्यायचे. चाचणीच्या रोलरवर घाट नसतो, कॅरिअरवर पोती नसतात, सोसायटीचा ब्रेकर नसतो. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा आपला पहिला प्रश्न असल्यामुळे तो आकडा मोठा दिसण्यात कंपनीचा फायदा आणि दुसऱ्या गिअरमध्ये कुथणाऱ्या इंजिनाचा त्रास आपला. युरोपने २०१७ पासून नवी चाचणी आणली. तीत प्रत्येक गाडीच्या वजनावरून आणि ताकदीवरून गिअर बदलाचे वेग वेगळे काढतात.

उंच गिअरमागे पेट्रोल वाचवणे हा हेतू जुनाच. फोक्सवॅगनने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘४+ई’ नावाचा गिअरबॉक्स काढला: चार गिअर चालवायला आणि पाचवा, ई, फक्त बचतीला. प्रामाणिक नाव. अमेरिकेत शेव्हरोलेने १९८९ च्या कॉर्व्हेटमध्ये त्याहून अजब केले. इंधन जास्त पिणाऱ्या गाड्यांवरचा कर चुकवायला सहा गिअरच्या बॉक्समध्ये एक खटका बसवला. ॲक्सिलरेटर हलका असेल तर पहिल्यातून दुसऱ्यात जाऊ पाहणारा दांडा तो अडवी आणि थेट चौथ्यात ढकली. चाचणीत आकडा सुधारला. मालकांनी तो खटका बंद करायची स्वस्तातली युक्ती शोधून काढली आणि सगळे सुखी झाले.

डिझेलची कथा याहून आपली. पुण्याजवळ रांजणगावला फियाटच्या कारखान्यात १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन बनत असे आणि त्याची भावंडे एके काळी देशातल्या निम्म्याअधिक लहान डिझेल गाड्यांत असावीत असे वाटावे, इतकी दिसत. ७५ अश्वशक्तीच्या इंजिनाचा जोर १९० न्यूटन-मीटर. ८०० च्या तिप्पट. पण तो २,००० फेऱ्यांना. १,८०० च्या खाली टर्बोला पुरेसा धूर मिळत नाही आणि इंजिन अगदी मवाळ होते. आता अशा इंजिनापुढे पहिल्या-दुसऱ्यात पावणेदोनपटीहून मोठी उडी ठेवा. ३,००० वर पहिला सोडला की दुसऱ्यात फेरे १,६००-१,७०० वर, म्हणजे नेमके झोपेच्या हद्दीत. घाटातल्या हेअरपिनसारख्या वळणावर दुसऱ्यात अडकलेल्या डिझेल गाड्या आणि मग एकाएकी जोर येऊन पुढच्या गाडीच्या बंपरपर्यंत झेपावणाऱ्या त्याच गाड्या, हे दृश्य त्या काळात रोजचे. चालवणाऱ्याने पाय कुठे ठेवावा हे त्याला कळायचे, इंजिनाला नाही.

शर्यतीत तरी स्वातंत्र्य असेल, असे वाटते. होते. इंग्लंडच्या माइक ह्यूलंडने फोक्सवॅगन बीटलचा गिअरबॉक्स उचलून शर्यतीच्या गाड्यांना चालवला आणि पुढे असे बॉक्स काढले की मागचे झाकण उघडून गिअरच्या जोड्या काही मिनिटांत बदलता याव्यात. ट्रॅक पाहायचा, सरळ रस्त्याच्या शेवटी वेग किती होतो ते पाहायचे, वारा कुठून आहे तेही, आणि जोडी निवडायची. फॉर्म्युला वनमध्ये २०१३ पर्यंत प्रत्येक ट्रॅकला वेगळे गिअर लावत. २०१४ पासून नियम आला: आठ गिअर, आकडे हंगामाच्या आधी जाहीर करा आणि वर्षभर तेच वापरा, पहिल्या वर्षी फक्त एकदा बदलायची सवलत. मोनॅकोच्या गल्ल्या आणि मोंझाचे लांबलचक सरळ रस्ते एकाच डब्यात. कोट्यवधी डॉलर खर्चणाऱ्या अभियंत्यांवर मग तीच वेळ आली जी मारुतीवाल्यांवर असते: सगळीकडे थोडे चूक असणारे, पण कुठेच फार चूक नसणारे आकडे शोधायचे.

*

मधले गिअर कोणाचे, याचे रोखठोक उत्तर मला महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये मिळाले. अभियांत्रिकीची मुले ‘बाहा’ स्पर्धेसाठी एका माणसाची, पाइपच्या सांगाड्याची ऑफ-रोड गाडी बनवतात. मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला चिखलात, दगडांत ती पळवायची. इंजिन सगळ्यांना एकच असे, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे दहा अश्वशक्तीचे. त्याला हात लावायचा नाही. मग फरक पाडायचा तर तो गिअरमध्येच. गिअर निवडीचा इतका निखळ प्रश्न कुठल्याच कंपनीत येत नसेल.

आणि तरी वर्षानुवर्षे कितीतरी टीम त्याचे उत्तर एकाच ठिकाणाहून आणत आल्या: महिंद्राच्या अल्फा या मालवाहू तीनचाकीचा गिअरबॉक्स. कारण तो स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, इंजिनाच्या जवळपास बसतो, आणि फायनलसह पहिल्यात ३१.५ पटींचा जोर देतो, चौथ्यात ७.३५ पटींचा. ३,८०० फेरे आणि २३ इंची टायर धरले तर पहिल्यात ताशी १३, चौथ्यात ५७. टेकडी चढायला आणि सरळ पट्टीवर पळायला हे आश्चर्यकारक रीतीने बरोबर बसते. भाजीची पोती वाहणाऱ्या रिक्षेसाठी काढलेले आकडे शर्यतीच्या गाडीला लागू पडले, कारण दोघांचे दुखणे एकच: दुबळे इंजिन, मोठा चढ. स्वतः गिअर कापायचे तर हॉबिंगला पैसे, मग कार्बुरायझिंग, मग ग्राइंडिंग. आणि एका जोडीत चूक झाली तर स्पर्धा हातची गेली. मुलांचा सगळा हिशेब वहीत होता, सुंदर होता, त्यात १.४ च्या पायऱ्या होत्या; पण वही बंद करून दुकानात जाणेच शहाणपणाचे ठरले.

मोठ्या कंपन्यांचेही याहून फार निराळे नाही. एक गिअरबॉक्स चार मॉडेलांत वापरायचा, आतल्या जोड्यांना हात न लावता फायनल ड्राइव्हची एकच जोडी बदलायची, की सगळे गिअर एकदम खाली किंवा वर सरकतात. पायऱ्या त्याच राहतात. म्हणून हलक्या पेट्रोल गाडीत सोसणारा १.८६ चा खड्डा तिच्या जड भावंडातही तसाच उतरतो, कुणी तो तिथे मुद्दाम खणलेला नसताना.

फायनल बदलण्याचा अधिकार तसा मालकालाही आहे आणि मालक तो सर्रास, नकळत वापरतो. जुनी ८०० घेतलेला हौशी मुलगा आधी काय करतो? १२ इंची रिम काढून १३ इंची अलॉय लावतो, वर १५५/७० चे टायर. गाडी रुबाबदार दिसते. चाकाचा व्यास ५०८ मिलिमीटरवरून ५४७ वर गेला, पावणेआठ टक्के. चारही गिअर तेवढ्याने उंच झाले. घाटात चौथ्याचे ८५ किलो ७९ वर आले, तिसऱ्याचे १२७ होते ते ११८. पहिल्यात क्लच जास्त घसटतो. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८६ ला असते. आणि १०० किलोमीटर चाललेली गाडी मीटरवर ९३ च नोंदते, त्यामुळे लिटरमागचे ॲव्हरेज कागदावर कमी येऊ लागते. मुलगा एअर फिल्टर बदलतो, प्लग बदलतो, शेवटी पेट्रोल पंपच बदलतो.